राखीव जागांचा त्याग आणि मागे उरलेली अट

जयसिंगपूर ही राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या जनकपित्याच्या, म्हणजे कागलकर जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसविलेली पेठ. शेजारच्या हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तेथे डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली, आणि तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, असे शाहू महाराजांनी त्या सभेत जाहीरपणे सांगितले. दुर्बल व अल्पसंख्य समाजांच्या राजकीय प्रतिनिधित्वाचा विचार करू पाहणाऱ्याला आमच्या परिसरात आरंभासाठी फार दूर जावे लागत नाही. या इतिहासातील एक प्रकरण आपल्या ख्रिस्ती समाजाचे आहे. ते आपण अभिमानाने सांगतो. परंतु बहुधा अर्धेच सांगतो. उरलेला अर्धा भाग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ब्रिटिश अमलात मत हा सर्वांचा हक्क नव्हता. मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या चाळणीतून जो पार पडे तोच मतदार. १९३५ च्या कायद्यानंतरही ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे चौदा टक्के लोकांपर्यंतच मताधिकार पोहोचला. जे अल्पसंख्य होते त्यांच्यासाठी दोन मार्ग चर्चेत होते. विभक्त मतदारसंघात त्या समाजाचेच मतदार आपला प्रतिनिधी निवडीत. संयुक्त मतदारसंघातील राखीव जागेवर उमेदवार त्या समाजाचा असे, मते मात्र सर्वांची पडत. मुसलमानांना विभक्त मतदारसंघ १९०९ साली मिळाले. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांनाही ते देऊ केले; पण २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने त्यांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. निवाड्यातील ७१ जागांच्या जागी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा मिळाल्या. संख्या दुपटीहून अधिक झाली, परंतु आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचा अधिकार गेला. लाभहानीचा हा हिशेब आजही पुरा मिटलेला नाही.

ख्रिस्ती समाजाचे विभक्त मतदारसंघ मात्र कायम राहिले. मुंबई प्रांताच्या १७५ सभासदांच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती समाजाला तीन जागा होत्या. आमचे कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे या तीन जागांच्या निवडणुकीशी संस्थानी प्रजेचा संबंध आला नाही.

येथे एका सरकारी आदेशाकडे वाचकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. अनुसूचित जातींची यादी १९३६ साली एका आदेशाने जाहीर झाली. कोणत्याही भारतीय ख्रिस्ती व्यक्तीस अनुसूचित जातीची समजू नये, असे त्यात नमूद होते. त्या काळच्या रचनेत या अटीला एक तर्क होता. ज्या समाजाला स्वतःच्या जागा आहेत, त्याने दुसऱ्याच्या राखीव जागांवर हक्क सांगू नये, हा तो तर्क. गावच्या वेशीबाहेरच्या ख्रिस्ती मनुष्याचे जिणे शेजारच्या घराहून निराळे होते काय, हा प्रश्न त्या तर्कात बसत नव्हता.

स्वातंत्र्य आले आणि घटना समितीपुढे अल्पसंख्यांचा प्रश्न उभा राहिला. अल्पसंख्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगालचे ख्रिस्ती, इंग्रजीचे प्राध्यापक व घटना समितीचे उपाध्यक्ष होते. फाळणीच्या त्या दिवसांत विभक्त मतदारसंघ टिकणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते रद्द ठरले. त्यांच्या जागी ख्रिस्ती समाजाला केंद्रीय कायदेमंडळात, तसेच मद्रास व मुंबई या दोन प्रांतांत लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा देण्याचे ठरले.

पुढे दोन वर्षांनी, मे १९४९ मध्ये, धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागाही नकोत, असा ठराव डॉ. मुखर्जींनीच सल्लागार समितीत मांडला. सरदार पटेल त्या समितीचे अध्यक्ष होते. घटना समितीने तो बदल स्वीकारला. मद्रास प्रांतातून निवडून आलेले जेसुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा यांनी त्यास पाठिंबा दिला. मूठभर जागांच्या कुंपणात बसण्यापेक्षा साऱ्या राष्ट्राच्या विश्वासावर विसंबावे, ही त्यामागची भूमिका. आमच्या मते ती भूमिका योग्य होती. कुंपणातला प्रतिनिधी बहुधा कुंपणापुरताच बोलतो, आणि इतरांनाही त्याचे ऐकण्याची गरज भासत नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा नवा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना, पंजाबातील काही शीख जातींचा अपवाद करून, यादीबाहेर ठेवले. १९३६ च्या अटीचा आधार होता समाजाच्या स्वतंत्र जागा. त्या जागा १९४९ साली सोडून दिल्या. आधार गेला, अट मात्र अधिक विस्तृत होऊन राहिली. सुशिक्षित, शहरी ख्रिस्ती माणसाने त्याग केला आणि त्याचे फारसे बिघडले नाही. दलित ख्रिस्ती मनुष्याला मात्र ना समाजाची जागा उरली, ना जातीची.

ही अट अढळ आहे असेही नाही. १९५६ साली ती सर्व शीख दलितांसाठी सैल झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि माणगावच्या परिषदेच्या अध्यक्षामागून लक्षावधी लोक बौद्ध झाले. त्यांना केंद्राची मान्यता मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे त्यांनी जे सोसले ते आपल्या बांधवांना आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सोसावे लागत आहे. १९८५ साली सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही तितकीच तीव्र सामाजिक अवनती टिकते याचा पुरावा मागितला. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तिसरा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमण्यात आला.

पुराव्याचा प्रश्न निघाला की बोट आपल्याकडेही वळते. धर्मांतराने अस्पृश्यता सरते, असे आपण म्हणालो तर आपल्या बांधवाचा दावा दुबळा होतो. सरत नाही म्हणालो तर आपल्या उपासनेतील बंधुतेवर प्रश्न येतो. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली, हे बरे झाले. सत्य सांगूनच न्याय मागता येतो.

आज हातकणंगले हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथील दलित ख्रिस्ती मतदार मतदान करू शकतो, त्या जागेसाठी उभा मात्र राहू शकत नाही. त्याच्याच भावकीतील हिंदू वा बौद्ध उभा राहू शकतो. १९४९ साली आपल्या पुढाऱ्यांनी जे सोडले ते परत मागण्याचे कारण नाही, आणि आम्ही ते मागतही नाही. मागणे आहे ते एका परिच्छेदापुरते. तो त्याग साऱ्या समाजाच्या नावाने झाला, पण त्याची किंमत समाजातील सर्वांत दुबळ्या घटकाने मोजली; म्हणून हे मागणे केवळ त्या घटकाचे राहू नये, ते साऱ्या समाजाने आपले म्हणून मांडावे.