शस्त्र परवाना आणि मानसिक आरोग्य

भारतात शस्त्र परवाना देताना अर्जदाराच्या मानसिक स्थितीचा विचार शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार केला जातो. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत असल्याने तेथील अर्जांवर पोलीस आयुक्त निर्णय घेतात.

कायदेशीर तरतुदी

अर्जदार विकल मनाचा असल्याचे मानण्यास कारण असल्यास, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास, कलम १४ नुसार परवाना नाकारला जातो. याच कारणांवरून दिलेला परवाना कलम १७ खाली निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम १८ मध्ये अपिलाची तरतूद आहे.

आजार आणि अपात्रता

मानसिक आजार आणि मनाची विकलता या कायद्याच्या दृष्टीने भिन्न बाबी आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज केवळ आजाराच्या निदानावरून कोणतीही व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. कलम २३ रुग्णाला उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क देते. त्यामुळे नैराश्यावर उपचार घेणे ही स्वतःहून अपात्रता नव्हे. मात्र उपचारांअभावी वर्तन इतरांना धोकादायक झाल्यास सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना गमवावा लागू शकतो.

सुरक्षा दले

केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी त्याच्याविरुद्धची शिस्तभंगाची कार्यवाही रद्द केली. तो सध्याच्या कामास अयोग्य आढळल्यास वेतन व सेवाशर्ती कायम राखून शस्त्रांशी संबंध नसलेले पद देण्याची मुभा न्यायालयाने दिली.