काटोलचा दगड आणि मूलद्रव्यांची गोत्रे

२२ मे २०१२ रोजी दुपारी काटोलच्या परिसरात आकाशातून दगड कोसळले. सापडलेले तुकडे एकूण सुमारे १३ किलो भरले, आणि संत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव जगाच्या अशनीसूचीत गेले. आकाशातला दगड म्हणजे त्यात काही अपार्थिव द्रव्य असणार, अशी आपली सहज समजूत असते. ती मोडायला फार पूर्वीच आरंभ झाला होता, आणि तोही भारतात पडलेल्या एका दगडाने.

१७९८ च्या डिसेंबरात बनारसजवळ अशनी पडले. दगड आकाशातून पडतात हेच तेव्हा युरोपातील बहुतेक विद्वानांना मान्य नव्हते. १८०२ साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने बनारसच्या व इतर ठिकाणच्या अशा दगडांचे पृथक्करण केले, तेव्हा सर्वांतील लोखंडात त्याला निकेल आढळले. निकेल परिचितच होते. नवल होते ते या सोबतीचे. अशनींतून नवे मूलद्रव्य आजवर एकही हाती आलेले नाही.

मग सोबत ठरते कशावरून? मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये अणुभारानुसार मांडली. मोझलीने १९१३ मध्ये दाखवले की खरा क्रम अणुकेंद्रावरील विद्युत्भाराचा आहे. शाळेत आपली ओळख या सारणीशी होते, आणि बहुधा तिथेच संपते. गोल्डश्मिट या नॉर्वेतील शास्त्रज्ञाने १९२३ च्या सुमारास वेगळाच प्रश्न विचारला: वितळलेल्या द्रव्यात कोणते मूलद्रव्य कुणाकडे जाते? अशनी आणि भट्ट्यांतील धातुमळी तपासून त्याने चार गोत्रे सांगितली. निकेल, सोने, इरिडियम लोहस्नेही, तांबे, शिसे गंधकस्नेही, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम पाषाणस्नेही, नायट्रोजनादी वायुस्नेही. ही आवडनिवड बव्हंशी अणूच्या बाहेरील इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते.

पृथ्वीने ही वाटणी कधीच उरकली. लोह केंद्राकडे बुडाले आणि जाताना बहुतेक सोनेही घेऊन गेले. (सराफाकडचा भाव ऐकताना हे आठवून पाहावे!) काटोलचा दगड ज्या लघुग्रहाचा, तो तापला, पण पूर्ण वितळला नाही, म्हणून धातूचे कण त्यात अजून पाषाणाशेजारी आहेत. अंतराळातील एका प्रचंड आघाताने त्यात वितळलेल्या द्रव्याच्या शिरा उमटल्या. त्या शिरांत संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज मिळाले, आणि सोबत धातू व गंधकसंयुगे यांची गुंफण. तीन गोत्रे एकाच शिरेत!

ब्रिजमनाइट हे पृथ्वीतील सर्वांत विपुल खनिज. पण ते सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या खाली. माणसाने खणलेले सर्वांत खोल विवर १२ किलोमीटरच्या किंचित पुढे गेले आहे. लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. धातूत तो ते राखतो, सामान्य पाषाणात बहुधा दोन गमावतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार काटोलच्या ब्रिजमनाइटमधील सुमारे ६९ टक्के लोहअणूंनी तीन गमावलेले आहेत. प्रयोगशाळेत दाब देऊन बनवलेल्या ब्रिजमनाइटवरून जे अनुमान काढले जात होते, त्याला निसर्गातला हा पुरावा काटोलच्या शिवारात मिळाला.