हाऊस फ्लिपिंगमधील अडचणी

हाऊस फ्लिपिंग म्हणजे स्वतः राहण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी नव्हे, तर दुरुस्ती करून थोड्याच काळात अधिक किमतीला विकण्यासाठी घर खरेदी करणे होय. हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. मराठीत त्यासाठी सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘घरांची फेरविक्री’ हा शब्दप्रयोग जवळचा असला, तरी त्यात दुरुस्तीचा भाग सुटतो. ‘फ्लिप दिस हाऊस’ (२००५) आणि ‘फ्लिप ऑर फ्लॉप’ (२०१३) यांसारख्या दूरचित्रवाणी मालिकांमुळे हा व्यवसाय सर्वसामान्यांना परिचित झाला. अशा कार्यक्रमांत जुने स्वयंपाकघर पाडण्याची दृश्ये भरपूर असतात. कर्जाचे व्याज, परवान्यांची प्रतीक्षा आणि रिकाम्या घराचा मासिक खर्च यांना तितकी जागा मिळत नाही. फ्लिपिंगमधील तोट्याचे मूळ मात्र बहुधा याच न दाखवलेल्या भागात असते.

खरेदीच्या वेळच्या अडचणी

फ्लिपिंगसाठी लागणारी स्वस्त घरे अनेकदा कर्ज थकल्यामुळे निघालेल्या लिलावात मिळतात. तेथे घर ‘आहे त्या स्थितीत’ विकले जाते आणि बोली लावण्यापूर्वी आत जाऊन पाहण्याची संधी बहुधा मिळत नाही. मालमत्तेवरील थकीत स्थानिक करासारखे काही बोजे लिलावानंतरही कायम राहतात व ते नव्या मालकाला फेडावे लागतात. मिशिगनसारख्या राज्यात लिलाव झाल्यावरही मूळ मालकाला ठरावीक मुदतीत, सामान्यतः सहा महिन्यांत, पैसे भरून घर सोडवून घेता येते. या काळात केलेल्या दुरुस्तीचा खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

घरात भाडेकरू असल्यास प्रश्न केवळ पैशांचा उरत नाही. गहाणजप्तीत घरमालकाची चूक नसलेल्या भाडेकरूलाही घर सोडावे लागत असे. त्यामुळे २००९ मध्ये संघीय कायदा करून अशा भाडेकरूंना किमान ९० दिवसांची सूचना देणे बंधनकारक करण्यात आले. २०१८ मध्ये ही तरतूद कायमस्वरूपी झाली. खरेदीदाराच्या हिशेबात हे तीन महिने अनेकदा धरलेले नसतात.

दुरुस्ती

अमेरिकेतील घरांचा सांगाडा बहुतांशी लाकडी असल्याने वाळवी, ओल आणि पायाचे खचणे हे दोष भिंतीच्या आत दडून राहतात. जुन्या घरांत ॲस्बेस्टॉस आढळते. घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वी बांधलेल्या घरांत असा रंग उखडणारे काम २०१० पासून प्रमाणित कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लोरिडा व आसपासच्या राज्यांतील अनेक घरांत चीनमधून आयात केलेले जिप्समचे तक्ते वापरले गेले. त्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे तांब्याच्या तारा व वातानुकूलन यंत्रे गंजत असत. अशा घरात रंगरंगोटी करून भागत नाही. भिंतींचे तक्ते काढून टाकावे लागतात.

आधीच्या मालकाने परवान्याशिवाय वाढवलेली खोली ही आणखी एक नित्याची अडचण आहे. नव्या कामाची तपासणी करण्यास आलेला स्थानिक निरीक्षक जुने बेकायदा कामही उघडून दाखवण्यास सांगू शकतो, आणि परवान्याशिवाय काम सुरू असल्यास ते थांबवण्याचा आदेश निघतो. कंत्राटदाराने पैसे घेऊनही उपकंत्राटदाराची किंवा माल पुरवठादाराची देणी थकवली, तर संबंधितांना त्या घरावर बोजा नोंदवता येतो. तो उतरवल्याशिवाय विक्री सहसा पूर्ण होत नाही, म्हणजे मालकाला एकाच कामाचे पैसे दोनदा द्यावे लागतात.

काम रखडलेले घर रिकामे असते. घर ठरावीक काळ रिकामे राहिल्यास नेहमीच्या गृहविम्यात चोरी किंवा नासधुशीची भरपाई मिळत नाही, ही अट अनेकांना उशिरा कळते. तांब्याच्या नळांची चोरी आणि थंडीत नळ गोठून फुटणे हे प्रकार अशाच घरांत होतात.

नफ्याचे गणित

या व्यवसायात ‘सत्तर टक्क्यांचा नियम’ प्रचलित आहे. दुरुस्तीनंतरच्या अपेक्षित किमतीच्या ७० टक्के रकमेतून दुरुस्तीखर्च वजा केल्यावर जे उरेल, त्याहून अधिक किंमत खरेदीसाठी देऊ नये, असा हा संकेत आहे. समजा, दुरुस्तीनंतर घर ३,००,००० डॉलरला विकले जाईल आणि दुरुस्तीस ५०,००० डॉलर लागतील. तर खरेदीची मर्यादा १,६०,००० डॉलर येते. ही रक्कम वार्षिक १२ टक्के व्याजाच्या अल्पमुदतीच्या कर्जातून उभारली, तर महिन्याचे व्याज १,६०० डॉलर होते. कर, विमा, वीज आदींचे ७०० डॉलर धरले की दरमहा खर्च २,३०० डॉलर होतो. चार महिन्यांत घर विकले गेले आणि विक्रीवर एजंटची दलाली व इतर खर्च ८ टक्के आला, तर करापूर्वी ५६,८०० डॉलर हाती राहतात. परंतु दुरुस्ती २०,००० डॉलरने वाढली, काम व विक्रीस दहा महिने लागले आणि किंमत १० टक्क्यांनी उतरली, तर याच घरावर ४,६०० डॉलरचा तोटा होतो. यांपैकी कोणतीही एक बाब एकटी घातक नाही. मात्र काम लांबले की खर्च वाढतो आणि बाजार उतरण्यासही अवधी मिळतो, म्हणून या तिन्ही बाबी बऱ्याचदा एकत्र येतात.

विक्री

घर तयार झाले तरी खरेदीदाराला कर्ज मिळणे आवश्यक असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर शहरात पडकी घरे वरवर सजवून, फुगवलेल्या मूल्यांकनाच्या आधारे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना विकण्याचे प्रकार उघडकीस आले. हप्ते न झेपल्याने यांतील अनेकांची घरे गेली. अशा गैरप्रकारांनंतर २००३ मध्ये फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने खरेदीनंतर ९० दिवसांच्या आत पुन्हा विकल्या जाणाऱ्या घरांना आपल्या हमीचे कर्ज नाकारले. २०१० ते २०१४ या काळात हा नियम शिथिल होता. प्रामाणिक विक्रेत्यालाही तो लागू असल्याने काम लवकर संपवल्याचा पूर्ण लाभ त्याला मिळत नाही. फ्लिपिंग हा नियमित व्यवसाय मानला गेल्यास नफ्यावर भांडवली नफ्याच्या सवलतीच्या दराऐवजी सर्वसाधारण उत्पन्नाप्रमाणे कर पडतो.

बाजारातील घसरण

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासानुसार २००६ मध्ये ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा व नेव्हाडा या राज्यांत घरखरेदीसाठी दिलेल्या कर्जांपैकी जवळजवळ निम्मी कर्जे आधीच एखादे घर असलेल्या लोकांनी घेतली होती. किमती उतरू लागताच अशा कर्जदारांकडून थकबाकीचे प्रमाण झपाट्याने वाढले. लास व्हेगासमध्ये पुढील काही वर्षांत किमती निम्म्याहूनही खाली आल्या. दुरुस्ती अर्धवट राहिलेली घरे बँकांकडे गेली आणि शेजाऱ्यांच्या घरांचे मूल्यही त्यांनी खाली ओढले.

मोठे भांडवल आणि संगणकीय मूल्यांकन हाताशी असूनही हा धोका टळत नाही, हे झिलो या कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. तिने २०१८ मध्ये ‘झिलो ऑफर्स’ या नावाने घरे विकत घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मजूर व साहित्याच्या टंचाईमुळे काम तुंबल्याने तिने नवी खरेदी थांबवली. नोव्हेंबरमध्ये तो विभागच बंद करत असल्याचे जाहीर केले. घरांच्या भावी किमतींचा अंदाज बांधणे अपेक्षेहून फार अनिश्चित ठरल्याचे कारण कंपनीने दिले. हाती असलेल्या घरांचे मूल्य एका तिमाहीत सुमारे ३० कोटी ४० लाख डॉलरने घटवावे लागले आणि सुमारे २५ टक्के कर्मचारी कमी करण्यात आले.

भारत

भारतात जुनी सदनिका घेऊन, सुधारून विकणारे आहेत. पण अमेरिकेइतक्या वेगाने हा व्यवहार फिरत नाही. प्रत्येक खरेदीवर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुंबईत ते मेट्रो अधिभारासह ६ टक्के आहे. घर २४ महिन्यांच्या आत विकल्यास होणारा नफा अल्पमुदतीचा भांडवली नफा समजला जातो आणि त्यावर व्यक्तीच्या नेहमीच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार आयकर लागतो.