गाड्यामागचे गाव
जुन्नर-आंबेगावची बैलगाडा शर्यत आणि गावपणाचा इतिहास

कोल्हापुरात ‘तुमचा संघ कोणता?’ असे विचारले, की उत्तरात बहुधा पेठेचा पत्ता मिळतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी विसाव्या शतकात फुटबॉलही आपला मानला आणि पेठापेठांमधली जुनी ईर्षा शाहू स्टेडियमच्या मैदानावर उतरली. कोल्हापूरचा समर्थक संघ निवडत नाही. तो ज्या गल्लीत जन्मतो, ती गल्ली त्याच्यासाठी संघ निवडून ठेवते.

फुटबॉलचा जगातला इतिहासही बराचसा असाच आहे. आज मँचेस्टर युनायटेड म्हणून ओळखला जाणारा क्लब १८७८मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढला. आर्सेनल हा १८८६मध्ये वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांचा संघ होता. खेडी सोडून कारखान्यांच्या शहरात आलेल्या माणसांना शनिवारच्या अर्ध्या सुटीत आपले म्हणावे असे एक नाव हवे होते. कोलकात्यात १९२०मध्ये ईस्ट बेंगॉल क्लब स्थापन झाला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी तो उराशी धरला. घर, शेत, नदी सीमेपलीकडे राहिली, तरी त्या मुलखाचे नाव मैदानात पुकारले जात होते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हे काम फुटबॉलने केलेले नाही. ते केले बैलगाड्याने. बैलगाडा शर्यतीबद्दल आजवर पुष्कळ बोलले गेले, पण बहुतेक वेळा कायद्याच्या किंवा राजकारणाच्या अंगाने. प्रस्तुत लेखात तिच्याकडे गाव आणि गावकरी यांच्यातला दुवा म्हणून पाहायचे आहे. गावाबाहेर राहणारा माणूस गावाचा कसा राहतो, या प्रश्नाचे एक उत्तर या शर्यतीच्या इतिहासात सापडते.

घाट आणि बारी

या भागात ‘घाट’ म्हटले की नाणेघाट आठवावा, तसाच शर्यतीचा घाटही. गावाच्या शिवारात चढाची एक धावपट्टी असते, तिलाच घाट म्हणतात. सांगली-साताऱ्याकडे अनेक गाड्या एकाच वेळी शेजारी-शेजारी सुटतात आणि गाडीवर हाकणारा बसलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या पट्ट्यातली रीत वेगळी. इथे एका गाड्याला चार बैल, म्हणजे दोन जोड्या जुंपतात. गाड्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडीस्वार घोडी पळवतो आणि तिच्या मागे बैल चढाने सुटतात. गाडा एकटाच पळतो; त्याची स्पर्धा घड्याळाशी असते. या पळण्याला ‘बारी’ म्हणतात आणि चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते.

ठरावीक सेकंदांच्या आत घाट चढणारे सगळे गाडे पहिल्या क्रमांकात धरले जातात, त्यानंतरचे दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकांत. सर्वांत कमी वेळात चढणारा गाडा त्या दिवशी ‘घाटाचा राजा’ होतो. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा मान एकाच दिवशी अनेक गावांना मिळू शकतो. फुटबॉलमध्ये एक जिंकला की दुसरा हरतोच. घाटात तसे नाही. शेजारच्या गावाचा गाडा पळाला म्हणून आपला मागे पडत नाही. सोयरिकींनी एकमेकांत गुंतलेल्या गावांना ईर्षा पुरवणारी आणि वैर आवरणारी ही रीत आहे.

दुसरे वैशिष्ट्य निवेदकाचे. गाडा जुंपला जात असताना तो ध्वनिक्षेपकावरून मालकाचे नाव घेतो आणि त्याला जोडून गावाचे. निशाण पडते, ‘भिर्रर्र’ असा आवाज उठतो आणि हजारो माणसे एका गावाकडे पाहू लागतात. मालक एक असतो. बैलांना सांभाळणारे, पाणी दाखवणारे, घाटात जुंपणीला धरणारे, धावून आलेल्या बैलांना वर अडवणारे मात्र दहा-वीसजण असतात. त्यांत भाऊबंद, शेजारी, आळीतली पोरे असे सगळे येतात. कोल्हापूरच्या पेठेत तालीम जे करते, ते इथे गाड्याभोवतीची ही मंडळी करतात.

या सगळ्याला देवाचे अधिष्ठान आहे. शर्यत भरते ती ग्रामदैवताच्या यात्रेत. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथे नवसाचे गाडे पळतात. नवसाच्या गाड्याचा हिशेब सेकंदांत होत नाही. तो पळाला, की नवस फिटला. बक्षिसासाठी पळणाऱ्या गाड्याचे मूळही याच भावनेत आहे: देवापुढे गावाने काहीतरी धावत आणून ठेवायचे.

मुंबईकर मंडळी

जुन्नर-आंबेगावच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासातली मोठी घटना म्हणजे मुंबई. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात भात आणि नाचणी, पूर्वेकडे अपुऱ्या पावसावरची बाजरी. त्यावर वर्ष निघत नसे. घरटी एखादा माणूस गिरणीत, गोदीत, भाजी बाजारात किंवा डब्याच्या धंद्यात गेला. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू हे असेच मुंबईच्या गिरणीत काम करणारे. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाचा ट्रक अडवताना ते हुतात्मा झाले. मुंबईच्या रस्त्यावर मरण आले, पण त्यांच्या नावाला गावाचे नाव जोडलेलेच राहिले.

मुंबईत गेलेला माणूस गावाशी तीन गोष्टींनी बांधलेला होता: शेताचा तुकडा, घरची माणसे आणि यात्रा. पहिल्या दोन गोष्टी घरापुरत्या होत्या. यात्रा सगळ्या गावाची होती. एकेका गावाची मुंबईत ग्रामस्थ मंडळे झाली. यात्रेची वर्गणी तिथे गोळा होऊ लागली. देवळाचा कळस, सभामंडप, तमाशाची सुपारी आणि शर्यतीचे इनाम यांत मुंबईकरांचा वाटा पडू लागला. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन फड ठरवतात. ही व्यवस्था ज्या पैशावर चालत आली, त्यातला काही मुंबईच्या घामाचा आहे.

या बांधिलकीचा स्पष्ट पुरावा मुंबईच्या डबेवाल्यांनी दिला आहे. खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर या भागांतली ही मंडळी वर्षभर खाडा करत नाहीत, अशी त्यांची ख्याती. परंतु दर वर्षी चैत्रात, बहुधा एप्रिलमध्ये, गावच्या यात्रा आल्या की ते पाच-सहा दिवसांची सुटी जाहीर करतात. महानगरातली एक सेवा सह्याद्रीच्या पलीकडच्या ग्रामदैवतांच्या पंचांगाप्रमाणे थांबते. सामन्यासाठी दूरचा प्रवास करणारा फुटबॉलचा समर्थक जगाने पाहिला आहे. यात्रेसाठी जेवणाचे डबे बंद ठेवणारा समर्थक मात्र आपल्याकडेच सापडेल.

बुडालेले गाव, उरलेले बैल

आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. गाव पाण्याखाली आणि नाव सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, एसटीच्या पाटीवर, अशी ही स्थिती आहे. त्या जलाशयाला पुढे हुतात्मा बाबू गेनूंचे नाव देण्यात आले. जागा गेली तरी नाव चालू राहू शकते. मात्र ते कुणीतरी पुकारत राहावे लागते. ईस्ट बेंगॉलच्या समर्थकांना हे लगेच समजेल.

डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांनी कोरडवाहू मुलूख बदलला. ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो आले. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी नावाजले. पैसा आला, तसा ट्रॅक्टरही आला. नांगर, मोट, पाभर, मळणी अशी कामे करणारा बैल शेतातून हळूहळू बाहेर पडला.

इथे एक उलटे घडले. बैलाची गरज संपत असताना बैलाचा मान वाढला. पूर्वी शेतातला बैल यात्रेपुरता घाटात येई. आता घाटासाठीच बैल पाळला जाऊ लागला. देखणा, चपळ खिल्लार बैल, त्याला खुराक, त्याच्या दिमतीला माणूस. इतका खर्च ज्यातून काही पिकत नाही अशा जनावरावर का करायचा, याचे उत्तर ताळेबंदात मिळत नाही. शेतीतून बैल गेला, गावातून माणसे मुंबईला गेली, आणि गाव एकत्र येण्याचे प्रसंग कमी झाले. राहिलेल्या थोड्या प्रसंगांत गाडा होता, म्हणून त्याच्यावर सगळा भार आला.

बंदीची वर्षे

११ जुलै २०११च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने बैलाचा समावेश प्रदर्शनास व खेळास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही, आणि प्राण्यालाही क्लेशमुक्त जगण्याचा हक्क आहे, ही त्या निर्णयाची भूमिका. २०१६च्या जानेवारीत केंद्राने सूट देणारी अधिसूचना काढली, पण काही दिवसांतच तिला स्थगिती मिळाली. २०१७मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना नियमांच्या चौकटीत परवानगी दिली. उच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी थांबवली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले.

म्हणजे २०१४पासून साडेसात वर्षे कायद्याने घाट बंद होते. या काळात वाद दोन मुद्द्यांभोवती फिरला. एका बाजूला बैलाची वेदना: शेपूट पिरगाळणे, टोचणे, मारणे. दुसऱ्या बाजूला परंपरा आणि खिल्लार जातीची जपणूक. पहिला मुद्दा खराच आहे. गावाच्या प्रेमापोटी मुक्या जनावराला टोचणी लावावी, याला कोणतेही प्रेम आधार देऊ शकत नाही. शर्यत परत आली ती नियम आणि शिक्षेच्या तरतुदी घेऊन, हे योग्यच झाले. त्या अटी पाळण्याची जबाबदारी बैलावर जीव असल्याचे सांगणाऱ्यांवर अधिक आहे.

मात्र या वादात गावाच्या बाजूची एक गोष्ट फारशी मोजली गेली नाही. घाट बंद झाला तेव्हा यात्रा बंद झाली नव्हती. पालखी निघत होती, हारतुरे होत होते, तमाशाही उभा राहत होता. तरीही गावाचे नाव बाहेरच्या हजारो लोकांसमोर पुकारले जाण्याचा तो क्षण नव्हता. देवळात गाव स्वतःला भेटते. घाटात ते दुसऱ्या गावांना दिसते. बंदीच्या वर्षांत शर्यतीसाठी मोर्चे निघाले, महामार्गावर आंदोलने झाली. बक्षिसाच्या लोभाने माणसे इतकी वर्षे रस्त्यावर येत नाहीत, आणि पळण्याची परवानगी नसताना खुराक घालून बैल सांभाळत तर मुळीच नाहीत. हरवलेली गोष्ट करमणुकीपेक्षा मोठी होती.

पुढचा प्रश्न

बंदी उठल्यानंतरचा घाट पूर्वीचा राहिलेला नाही. चिखलीतल्या २०२२च्या शर्यतीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. दुचाकी, ट्रॅक्टर, चारचाकी गाड्या आता इनामांत दिसतात. नामांकित बैलांची खरेदी-विक्री लाखांत होते, आणि दोन-तीन गावांच्या मालकांनी आपापले बैल जोडून एकच गाडा पळवणे नेहमीचे झाले आहे. बारी मोबाइलवर थेट दिसते. तेव्हा वाशीच्या बाजारातला मुंबईकर गावी न येताही ती पाहू शकतो.

फुटबॉलला हा प्रश्न आधी पडला. लंडनमधला विम्बल्डन क्लब २००३मध्ये मालकांनी मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेला. समर्थकांनी त्याच्यामागे जाण्याचे नाकारले. २००२मध्येच, स्थलांतराला मंजुरी मिळताच, त्यांनी आपला नवा क्लब बऱ्याच खालच्या पायरीपासून सुरू केला आणि २०२०मध्ये तो प्लाउ लेन या जुन्या पत्त्याच्या परिसरात परत आणला. खेळाडू, परवाना, लीगमधले स्थान मालकाबरोबर गेले. गाव समर्थकांजवळ राहिले.

जुन्नर-आंबेगावात मालक गाव सोडून चाललेला नाही, पण बैल चालले आहेत. आज एका गावाच्या नावाने पळणारा बैल उद्या दुसऱ्या तालुक्याच्या नावाने पळतो. घाटाचा राजा ठरलेल्या गाड्यात गावाचा एकही बैल नसावा, असे घडू शकते. अशा वेळी गावाने आनंद कशाचा करायचा? कोल्हापूरच्या पेठांनाही हा प्रश्न आहे. तिथेही बाहेरचे खेळाडू आले, तरी पेठ संघाला आपलेच म्हणते, कारण तालमीचा कट्टा पेठेतच आहे. गाड्याला असा कट्टा हवा. तो मालकाच्या गोठ्यापुरता राहिला, तर पैशाबरोबर हलेल. आळीतली पोरे, भाऊबंद, वर्गणी देणारे मुंबईकर यांचा त्यात हात राहिला, तर बैल कोणत्याही बाजारातून आलेला असो, गाडा गावाचा राहील.

निवेदक अजून दोन नावे घेतो. पहिले मालकाचे, दुसरे गावाचे. मालक बदलतो, बैल म्हातारे होतात, घोडीवरचा पोरगा संसाराला लागतो. दुसऱ्या नावाला गर्दीतून कोणीतरी ओ देते. कधी तो शेजारच्या आळीतला असतो. कधी आदल्या रात्री माळशेज घाटातून एसटीने आलेला, आणि यात्रा उलगडली की परत जाणारा. त्याची ओ ऐकू येते, तोवर गाड्यामागे गाव आहे.