घोडा नसलेल्या टापा

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १७०९ साली जॉन डेनिस या लेखकाचे एक शोकान्त नाटक रंगभूमीवर आले आणि थोड्याच प्रयोगांत पडले. या नाटकासाठी डेनिसने ढगांच्या गडगडाटाची एक नवी युक्ती काढली होती. नाटक गेले, युक्ती मात्र नाट्यगृहाने ठेवून घेतली. पुढे तेथेच 'मॅकबेथ' पाहायला बसलेल्या डेनिसला आपलाच गडगडाट ऐकू आला. माझे नाटक यांना नको, माझा गडगडाट मात्र हवा, असे म्हणून तो भर प्रयोगात उसळला, अशी हकिकत सांगतात. दुसऱ्याचे श्रेय लाटण्याला इंग्रजीत 'गडगडाट चोरणे' म्हणतात, ते यावरूनच.

जुन्या नाट्यगृहांत गडगडाटासाठी लाकडी पन्हळीतून तोफेचे गोळे घरंगळत सोडत, किंवा लोखंडी पत्रा टांगून तो हलवत. पत्र्यातून ढग का गरजतात, हे पाहण्यासारखे आहे. वीज चमकते तेव्हा तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांबीचा आणि वेडावाकडा असतो. त्यामुळे त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज आपल्यापर्यंत मागेपुढे पोहोचतो आणि कडकडाटाचा लांबलचक गडगडाट होतो. पत्र्यात यांतले काहीच नसते. तेथे एक पातळ पृष्ठभाग एकाच वेळी अनेक तऱ्हांनी, अनियमितपणे कंप पावत असतो. कारणे सर्वस्वी भिन्न, पण कानावर येणारा आकार जवळपास एकच. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की घोडा दौडू लागतो, किंवा कढईत काही तळताना पाऊस पडल्याचा भास होतो, तो याच न्यायाने. ध्वनिपरिणामांचा सारा इतिहास या एका फटीत मावतो: कानाला कारण दिसत नाही.

बोलपट आले तेव्हा या फटीचा मोठा उद्योग झाला. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'नंतर हॉलिवूडमधील सर्व कंपन्यांची आवाजासाठी धावपळ सुरू झाली. युनिव्हर्सल कंपनीतील जॅक फोली याने १९२९ च्या 'शो बोट'साठी एक रीत बसवली. पडद्यावर चित्र चालू ठेवायचे आणि ते पाहत पाहत पावले, कपड्यांची सळसळ, दारांची करकर प्रत्यक्ष करून ध्वनिमुद्रित करायची. चित्रपटातील नायिका चालते तेव्हा ऐकू येणारी पावले बहुधा तिची नसतात, ती अशा कारागिराची असतात. या कामाला आजही फोलीचेच नाव आहे.

आपल्याकडे प्रभातने १९३७ साली 'कुंकू'मध्ये उलट वाट धरली. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही, प्रसंगातून निर्माण होणाऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली. तो प्रयोग आजही धाडसीच वाटतो.

जगात अस्तित्वातच नसलेल्या वस्तूंना आवाज द्यायची वेळ आली तेव्हा कारागिरांची खरी कसोटी लागली. १९३३ च्या 'किंग काँग'साठी सिंह-वाघांच्या डरकाळ्या संथ गतीने व उलट्या वाजवण्यात आल्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील बंदुकांचा 'प्यूऽऽ' असा आवाज बेन बर्ट याने मनोऱ्याला ताण देणाऱ्या जाड तारेवर ठोका मारून मिळवला. हा आवाज वर्गातही करता येतो. 'स्लिंकी' नावाची लांब स्प्रिंग घ्यावी, तिच्या एका टोकात प्लॅस्टिकचा पेला बसवून ती उभी लोंबती धरावी आणि खालच्या टोकाला टिचकी मारावी. जाड धातूमधून वाकण्याच्या लहरी जातात तेव्हा जास्त कंप्रतेच्या लहरी वेगाने धावतात आणि कमी कंप्रतेच्या मागे रेंगाळतात. म्हणून टिचकी एकच असली तरी कानाला उंच स्वराकडून खाली घसरणारी तान ऐकू येते. हवेत मात्र सर्व कंप्रता जवळजवळ एकाच वेगाने जातात. तसे नसते तर लांबून ऐकलेले गाणे विस्कटून गेले असते.

येथवरच्या प्रत्येक युक्तीमागे एक माणूस होता आणि आपण कशाची नक्कल करतो आहोत, हे त्याला ठाऊक होते. २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी वेगळाच प्रयत्न केला. त्यांनी ढोलकाठीने नाना वस्तूंवर ठोकण्याच्या व घासण्याच्या ९७७ चित्रफिती घेतल्या. त्यांत असे ४६ हजारांहून अधिक आघात होते. त्यांवरून संगणकाला शिकवून, मग मुक्या चित्रफितीवरून आवाज कसा असेल याचा अंदाज करायला लावले. पालापाचोळा आणि माती यांच्या बाबतीत ऐकणारे चांगलेच फसले. पुढच्याच वर्षी गूगलने दहा-दहा सेकंदांच्या वीस लाखांहून अधिक ध्वनिखंडांचा संग्रह प्रसिद्ध केला. या प्रत्येक खंडावर त्यात काय वाजते आहे याची चिठ्ठी लावलेली होती. २०२२-२३ पासून 'पत्र्यावर पाऊस' असे नुसते लिहिले की संगणक आवाज तयार करू लागला आणि २०२५ मध्ये चित्र व आवाज एकदमच घडवणारी साधने आली.

यांपैकी बऱ्याच साधनांची रीत थोडक्यात अशी. आवाजाचा आलेख काढतात, आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर कंप्रता. असे लक्षावधी आलेख मुद्दाम गढूळ करून त्यांतील गढूळपणा काढून टाकण्याचा सराव यंत्राला देतात. तयार झालेल्या यंत्रापुढे शेवटी निव्वळ खरखर ठेवायची आणि शब्द सांगायचे. ते पायरीपायरीने खरखर पुसत त्या शब्दांना साजेसा आलेख उरवते. म्हणजे यंत्राला पाऊस ठाऊक नसतो आणि पत्राही. 'पाऊस' अशी चिठ्ठी लावलेले आवाज साधारण कसे असतात, तेवढेच त्याला माहीत असते.

आणि चिठ्ठ्यांचे म्हणाल तर फोलीच्या काळापासून त्यांत घोळ आहेच. हॉलिवूडच्या टार्झनपटांत आफ्रिकेच्या जंगलात जो पक्षी खदखदून हसतो, तो ऑस्ट्रेलियातला कुकाबरा होय. पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड पडद्यावर ज्या आवेशात किंचाळतो, ती किंकाळी बहुधा तांबड्या शेपटीच्या एका ससाण्याची असते. खुद्द गरुडाचा आवाज बारीक, चिवचिवल्यासारखा आहे. अशा खंडांवर 'गरुड' अशी चिठ्ठी लागली तर यंत्र ससाण्याचाच आवाज गरुड म्हणून शिकेल. तोच आवाज पाचवीच्या मुलांना पक्ष्यांची ओळख म्हणून दाखवलेल्या चित्रफितीत येऊन बसेल. चित्रपटात हे चालते, पाठात चालू नये, असे माझे मत आहे.

चूक नुसती नावाची असती तर दुरुस्त तरी करता आली असती. पण खऱ्या आवाजात त्याच्या उगमाची मोजता येण्याजोगी माहिती असते, ती घडवलेल्या आवाजात असेलच असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पापुआ न्यू गिनीतील तावुर्वुर ज्वालामुखीचा उद्रेक एका नौकेवरून चित्रित झाला. पडद्यावर राखेचा लोट उसळतो, ढगांत आघाताची लहर पसरताना डोळ्यांना दिसते, आणि तरीही सगळे शांत असते. सुमारे १३ सेकंदांनी दणका येतो. ही चित्रफीत मुलांना दाखवून घड्याळ हाती द्यावे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर नौका ज्वालामुखीपासून साधारण साडेचार किलोमीटरवर होती, हे सातवीचा विद्यार्थीही काढील. मग यंत्राने घडवलेली उद्रेकाची एखादी चित्रफीत घ्यावी आणि तेच गणित करायला सांगावे. लोट आणि दणका एकाच क्षणी येत असतील, तर उत्तर शून्य मीटर निघेल. चित्र टिपणारा मग उभा कोठे होता, हे मुलांनाच विचारावे.