स्कोपच्या बाहेरचा डॉक

सुरुवात एका न उडलेल्या बटणापासून.

मेमोरियल डे जवळ आला की इकडे मिसूरीत दोन गोष्टी हमखास होतात. दुकानांच्या दारात कोळशाच्या पिशव्यांचे ढीग लागतात, आणि सेंट लुईसमधले लोक ट्रेलरवर बोटी लादून नैऋत्येला निघतात. जायचं असतं लेक ऑफ दी ओझार्क्सला. आमच्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी तिथे एक जुनं घर घेतलं. घराबरोबर एक जुना डॉकही आला. डॉक म्हणजे तरंगता धक्का. लोखंडी सांगाडा, वर फळ्या, खाली फोम भरलेले प्लॅस्टिकचे मोठे डबे आणि किनाऱ्यापासून तिथवर जाणारा एक छोटा पूल. तिथे बोट बांधायची, पाय सोडून बसायचं, पोरांनी उड्या मारायच्या.

"सीझनच्या आधी डॉक तयार करायचाय, येतोस का?" असा मित्राचा फोन आला. शनिवारी सकाळी मी टूलबॉक्स, पोह्यांचा डबा आणि नऊ वर्षांची लेक घेऊन हजर!

जुन्या मालकाने एक टाइप केलेली यादी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. मित्राने ती तशीच ठेवलीये. पहिली दहा-बारा कामं मेकॅनिकल. हिवाळ्यात कंपनी तलावाची पातळी पाचेक फूट खाली नेते, वसंतात पाणी परत चढतं, म्हणून डॉकला किनाऱ्याशी बांधणारे केबल आणि विंच तपासायचे. बर्फाने आणि लाटांनी ढिले झालेले बोल्ट आवळायचे. कुजलेल्या फळ्या बदलायच्या. डॉक एका बाजूला कललाय का बघायचं, कारण कलला असेल तर त्या बाजूच्या फ्लोटमध्ये पाणी शिरलेलं असतं. शिडी हलवून बघायची. लाइफ रिंग आणि तिची दोरी जागेवर आहे ना, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे ना... दुपारपर्यंत हे सगळं आटोपलं. लेक तोपर्यंत कंटाळून डॉकच्या टोकाला जाऊन बसली होती आणि पाय पाण्यात सोडायच्या बेतात होती.

"पाय वर घे!" मित्र एवढ्या जोरात ओरडला की मीच दचकलो.

यादीतलं शेवटचं काम राहिलं होतं. कोणीही पाण्याला हात लावायच्या आधी डॉकच्या वीजपेटीतलं टेस्ट बटण दाबायचं. दाबलं की ब्रेकर खट्कन उडायला हवा.

मित्राने दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. डॉकवरचा दिवा शांतपणे जळत राहिला.

मित्राने किनाऱ्यावरच्या खांबाशी जाऊन मेन स्विच पाडला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी कोणी पाण्यात उतरलं नाही. लेकीने माझ्याशी दोन तास अबोला धरला. :)

मी स्वतः इंजिनिअर, पण कोडवाला. डॉकवर चार दिवे आणि बोट उचलायची एक मोटर, त्यासाठी एवढा गोंधळ कशाला, असं मलाही वाटलंच. घरी येऊन वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

गोष्ट खरं तर विजेपासूनच सुरू होते. हा तलाव नैसर्गिक नाही. युनियन इलेक्ट्रिक या सेंट लुईसच्या खाजगी वीज कंपनीने ऑगस्ट १९२९ मध्ये ओसेज नदीवर बॅगनेल धरणाचं काम सुरू केलं. दोनच महिन्यांत वॉल स्ट्रीट कोसळलं, पण काम थांबलं नाही. मंदीत हजारो लोकांना इथे रोजगार मिळाला आणि १९३१ मध्ये धरण भरलं. कॅमडेन काउंटीचं मुख्य ठिकाण असलेलं लिन क्रीक हे गाव पाण्याखाली गेलं आणि कॅमडेन्टन नावाचं नवं गाव वसवावं लागलं.

हे वाचताना मला मुळशी आठवल्याशिवाय राहिली नाही. तिथेही वीज कंपनी खाजगीच, टाटांची. वीज हवी होती मुंबईला आणि बुडणार होती मावळ्यांची भातखाचरं. १९२१ मध्ये सेनापती बापटांसारख्यांनी सत्याग्रह उभा केला, तरी धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. ओझार्क्समध्येही वीज प्रामुख्याने शहराकडे गेली. त्या काळात अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. खेड्यापाड्यांत वीज नेण्यासाठी रूझवेल्ट सरकारने वेगळी यंत्रणा काढली ती १९३५ मध्ये. म्हणजे ज्यांच्या अंगणात वीज तयार होत होती, त्यातल्या अनेकांच्या घरात संध्याकाळी कंदीलच होता.

धरण खाजगी असण्याचा आणखी एक परिणाम झाला. अमेरिकेतले बरेच मोठे तलाव सैन्याच्या इंजिनिअरिंग खात्याने बांधलेत. तिथला किनारा सरकारी असतो आणि खाजगी डॉकवर कडक बंधनं असतात. याच ओसेज नदीवर थोडं वर १९७९ मध्ये पूर्ण झालेला ट्रूमन तलाव बघा, घरांपुढे डॉकची रांग दिसणार नाही. बॅगनेलच्या तलावावर मात्र किनाऱ्यालगतची जमीन लोकांच्या हाती गेली आणि त्यांनी घरं बांधली. या तलावाचा किनारा सुमारे ११५० मैल लांब आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त! त्यावर हजारो डॉक उभे राहिले. आधी नुसती लाकडं आणि पिंपं. मग कोणीतरी रात्री मासे धरायला दिवा लावला. मग फ्रिज आला, मग बोट उचलायची मोटर, मग हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून पाण्यात बुडबुडे सोडणारा पंप. बऱ्याच ठिकाणी वायरिंग घरमालकाने रविवारी दुपारी स्वतःच केलेलं.

आता यात धोका नक्की काय? आपल्याला वाटतं की वीज पाण्यात उतरली तर पसरून नाहीशी होईल. समुद्रात थोडंफार तसं होतं, कारण खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वाहक असतं आणि वीज शरीराला वळसा घालून जाते. गोड्या पाण्यात उलटा प्रकार. तिथे शरीरच जास्त चांगलं वाहक. डॉकच्या सांगाड्यात वीज उतरली असेल, तर जवळ पोहणारा माणूस तिच्यासाठी सोपी वाट होतो. झटक्याने मरायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी करंट पुरतो. हातपाय आखडतात, ओरडता येत नाही आणि चांगला पोहणारा माणूस बुडतो. अंगावर खूण राहत नाही. म्हणून वर्षानुवर्षं असे मृत्यू साधं बुडणं म्हणून नोंदले गेले असणार. आज या प्रकाराला इलेक्ट्रिक शॉक ड्राउनिंग म्हणतात.

किती करंटला हात आखडतो, हे आपल्याला माहीत आहे ते चार्ल्स डाल्झील यांच्यामुळे. बर्कलीचे हे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन करंट हळूहळू वाढवत नेला आणि तार सोडता येईनाशी कधी होते ते मोजलं. (आज कुठली एथिक्स कमिटी याला हो म्हणेल?!) पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांसाठी साडेदहा. एक साधा बल्ब याच्या कित्येक पट करंट घेतो. म्हणजे नेहमीचा १५ अँपिअरचा ब्रेकर माणूस वाचवायला नसतोच, तो वायर जळू नये म्हणून असतो. डाल्झील यांनी १९६१ मध्ये माणसासाठीचा ब्रेकर शोधला. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. पाचेक मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, तरी हिशोब चुकला म्हणजे वीज दुसऱ्याच कुठल्या वाटेने जातेय असं समजून सेकंदाच्या चाळिसाव्या भागात बंद. इकडे त्याला जीएफसीआय म्हणतात. आपल्याकडच्या घरांत असतो त्या आरसीसीबीचं तत्त्व हेच, फक्त तो सहसा ३० मिलिअँपिअरला उडतो.

उपाय १९६१ मध्ये तयार! पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत तो एकेक पायरीने शिरला. १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातले दिवे, सत्तरच्या दशकात बाहेरचे प्लग आणि बाथरूम. मरिना आणि बोटींच्या धक्क्यांसाठीही संहितेत वेगळं कलम होतं, ५५५ नंबरचं. आणि त्या कलमात एक वाक्य होतं, ते वाचून मी थांबलोच. त्याचा अर्थ असा, की एका कुटुंबाच्या घराला जोडलेला, फक्त त्यांच्याच वापराचा खाजगी डॉक या कलमाखाली येत नाही.

आउट ऑफ स्कोप!

मी पंधरा वर्षं स्पेक लिहितोय. स्कोपच्या बाहेर काय ठेवलंय, ते वाक्य मीही शेकडो वेळा लिहिलंय. त्यात वाईट हेतू नसतो. काम आटोपायचं असतं, आणि माणसाच्या खाजगी जागेत किती नाक खुपसायचं हा संकोचही असतो. पण मोठा बग नेमका तिथेच सापडतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी रात्री तीन वाजता अनुभवलंय.

४ जुलै २०१२. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, कडक ऊन, तलाव बोटींनी भरलेला. त्या एका दिवशी लेक ऑफ दी ओझार्क्समध्ये दोन वेगवेगळ्या डॉकांजवळ तीन जण गेले. तेरा वर्षांची बहीण आणि आठ वर्षांचा भाऊ एका ठिकाणी, सव्वीस वर्षांची एक तरुणी दुसऱ्या ठिकाणी. त्याच दिवशी टेनेसीमध्ये चेरोकी लेकच्या एका मरिनात दहा आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांना झटका बसला आणि दोघंही वाचली नाहीत. सगळ्यांचं कारण एकच, पाण्यात उतरलेली वीज.

यानंतर लोक जागे झाले. टेनेसीने २०१४ मध्ये मरिनांसाठी कायदा केला. ओझार्क्समध्ये डॉकच्या विजेच्या तपासणीची चर्चा घराघरांत सुरू झाली. आणि २०१७ च्या संहितेत ते वाक्य निघालं. कलम ५५५ मध्ये एका कुटुंबाच्या घराचा डॉकही आला. डाल्झील यांच्या शोधानंतर ५६ वर्षांनी. डाल्झील स्वतः १९८६ मध्येच गेले होते.

त्यातही मेख आहे. संहिता म्हणजे कायदा नव्हे, ती त्या त्या ठिकाणच्या सरकारने स्वीकारावी लागते, आणि मिसूरीत राज्यभर लागू असा एकच विद्युत नियम नाही. शिवाय नवा नियम जुन्या बांधकामाला सहसा मागे जाऊन लागत नाही. म्हणजे मित्राच्या डॉकसारख्या जुन्या डॉकवर शेवटी उरतं काय? फ्रिजवरची यादी, आणि ती पाळणारा माणूस.

पुढच्या आठवड्यात लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आला. ब्रेकरमधला जीएफसीआय मेलेला होता, हे आम्हाला कळलंच होतं. पण त्याला आणखी एक गोष्ट सापडली. लाटांबरोबर पूल वरखाली होतो, तिथे दिव्याची वायर लोखंडाला घासून तिचं आवरण जवळजवळ निघालं होतं. अजून एक उन्हाळा, फार तर दोन. नुसता ब्रेकर मेला असता तर काही बिघडलं नसतं. नुसती वायर घासली असती तर ब्रेकरने सांभाळून घेतलं असतं. दोन्ही एकाच वेळी, आणि खाली पाण्यात माझी लेक...

असो. तुमच्यापैकी कोणी यंदा लेकवर घर भाड्याने घेणार असेल तर एवढं करा. पाण्यात उतरण्याआधी टेस्ट बटण दाबून बघा, आणि तरीही पोरं पाण्यात असताना मेन स्विच बंदच ठेवा. साध्या एक्स्टेन्शन कॉर्डवर डॉक चालवू नका. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर शिडीकडे जाऊ नका, उलट फिरून डॉकपासून लांब पोहा आणि ओरडून सांगा. दुसऱ्या कोणाला होतंय असं दिसलं तर उडी मारू नका. आधी वीज बंद, मग रिंग फेका. वाचवायला उडी मारणाराही त्याच पाण्यात जातो.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. बाबांची नोकरी वीज मंडळात झाली. संहिता, कलम, २०१७, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझे आजोबा विहिरीत उतरायच्या आधी काय करायचे, आठवतंय का?"

आठवत होतं. मोटारीच्या पेटीतली फ्यूजची किटकॅट काढायचे, बंडीच्या खिशात टाकायचे आणि मगच पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे. वर कोण उभं आहे, कोण चुकून खटका दाबेल, हा प्रश्नच नाही.

आजोबा चौथी शिकलेले. त्यांच्या स्कोपमध्ये मात्र सगळं होतं.