कलिंग किनाऱ्यावरील एका समुद्री गोगलगायीचे नामकरण

कवचधारी गोगलगायीची जात ठरविताना अभ्यासकाला कवचाचा आधार मिळतो. कवचहीन समुद्री गोगलगायीच्या बाबतीत हा आधार नाही. मद्यार्कात ठेवताच तिचे अंग आकसते व रंग उडून जातात. उरते ती मुख्यतः अंतर्रचना. तीत दातांची सूक्ष्म पट्टी, म्हणजे रेत्रिका, विशेष महत्त्वाची होय. यामुळे जतन केलेला नमुना व जिवंत प्राण्याचे रंगचित्र या दोहोंवाचून अशा जातीचे वर्णन अपुरेच राहते. एकोणिसाव्या शतकातील एका उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

वॉल्टर एलियट (१८०३–१८८७) हा मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात तो कैदेत पडला होता. धारवाडकडील दक्षिण मराठा प्रदेशात त्याने शिलालेखांच्या नकला जमविल्या आणि तेथील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ साली प्रसिद्ध केली. तीत प्राण्यांची देशी नावेही त्याने नोंदविली आहेत. पुढे १८४५ ते १८५४ या काळात उत्तर सरकार प्रांताचा आयुक्त असताना विशाखापट्टणजवळील वॉल्टेअर येथे त्याचे लक्ष समुद्राकडे वळले. तेथील कवचहीन गोगलगायींचे नमुने आणि एतद्देशीय चित्रकाराने काढलेली रंगचित्रे त्याने जोशुआ आल्डर व आल्बनी हॅन्कॉक यांच्या स्वाधीन केली.

ब्रिटिश किनाऱ्यावरील अशा प्राण्यांचा सचित्र ग्रंथ या दोघांनी १८४५ ते १८५५ या वर्षांत सिद्ध केला होता. भारतीय संग्रहावरील त्यांचा निबंध १८६४ साली लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेने छापला. त्यात 'कलिंगा ऑर्नाटा' ही जात प्रथम वर्णिली गेली. अंगावर लालसर टोकांचे उंचवटे असलेला हा प्राणी भंगुरतारे खातो. न्यूकॅसल येथे काम करणाऱ्या या दोघांना आकसलेल्या देहातून अंतर्रचना कळली. रंग मात्र चित्रांतूनच कळू शकत होते.

या पद्धतीची कसोटी पुढे लागली. चार्ल्स एलियट या दुसऱ्याच अभ्यासकाने न्यूकॅसलच्या हॅन्कॉक संग्रहालयातील जुने नमुने व चित्रे पुन्हा तपासून १९०६ साली दक्षिण भारत व सिलोन येथील जातींचा आढावा प्रसिद्ध केला. साधने जपून ठेवली नसती, तर जुनी वर्णने पडताळून पाहणे अशक्यच झाले असते.

वॉल्टर एलियटचे नाव आज 'प्लॅटिडोरिस एलियटी' या जातीच्या नावात टिकून आहे. कलिंग देशाचे नाव एका प्रजातीला लाभले आहे. चित्रकाराच्या नावाची मात्र एकही जात त्या निबंधात नाही. वर्गीकरणाच्या नियमांप्रमाणे जातीचे श्रेय वर्णनकर्त्याला मिळते व ते योग्यही आहे. परंतु विज्ञानाच्या इतिहासाने केवळ नामपट्टी वाचून थांबता कामा नये. किनाऱ्यावर जिवंत प्राण्यासमोर बसून ज्याने रंग टिपले, त्याचे निरीक्षण हाही त्या वर्णनाचाच पाया होता.